शिल्पातून वगळलेला मुलगा

(पडद्यावर: ग्रॅनाइटच्या दोन मूर्ती. झाडांची सळसळ.)

दोघंही गुडघ्यांवर आहेत. बाप ताठ, दोन्ही हात स्वतःभोवती आवळलेले. आई पुढे वाकलेली, मान खाली. चौथरे वेगवेगळे. इतक्या मोठ्या दुःखातही दोघं एकमेकांना धरत नाहीत.

बेल्जियममधली व्लाद्स्लो इथली ही जर्मन सैनिकांची दफनभूमी. २५,००० हून अधिक सैनिक इथे पुरलेले आहेत. त्यांतला एक पेटर. या मूर्ती साकारणारी केटे कोलवित्स ही त्याची आई.

१९१४ साली, १८ वर्षांच्या पेटरला युद्धावर जायचं होतं. त्यासाठी वडिलांची संमती लागणार होती आणि ते राजी नव्हते. केटेनं नवऱ्याचं मन वळवलं. ऑक्टोबरमध्ये पेटर मारला गेला.

ती रोजनिशी लिहीत होती. त्या पानांवर ती मुलाशी बोलते, स्वतःला दोष देते. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्या मनात स्मारकाची कल्पना आली. एकच बाई, एकच दुःख. एकीकडे रोजनिशी, दुसरीकडे शिल्प. या दोन्हींत फरक आहे का, आणि असलाच तर कुठे?

आपण सगळेच व्यक्त होतो. रागात दार आपटतो, रात्री कुणाला तरी लांबलचक मेसेज लिहितो. मन हलकं झालं की काम झालं. यात कमअस्सल असं काही नाही. रडणाऱ्याला कुणी ‘नीट रड’ म्हणत नाही, म्हणूही नये.

शिल्पाला मात्र ‘हे अजून नीट झालेलं नाही’ असं म्हणता येतं. केटे स्वतःला तेच म्हणत राहिली. पहिल्या आराखड्यात पेटर आडवा होता. उशाशी बाप, पायाशी आई. कितीतरी प्रयत्न झाले. १९१९ मध्ये तिनं काम सोडूनच दिलं. काही वर्षांनी पुन्हा हातात घेतलं, आणि अखेरच्या रचनेत पेटर उरलाच नाही. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यालाच तिनं काढून टाकलं.

मला वाटतं, फरक इथे आहे. मन मोकळं करताना आपण विचारतो, मला काय वाटतंय? कलाकृती घडवताना एका टप्प्यावर प्रश्न बदलतो: हिला काय हवंय? पेटर समोर आडवा असता तर ते एका घरातलं मरण राहिलं असतं. तो नाही, म्हणून त्या रिकाम्या जागी कुणाचाही मुलगा असू शकतो.

(पडद्यावर: आईच्या मूर्तीचे हात, अगदी जवळून.)

सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरचे काव्यमीमांसक अभिनवगुप्त यांनी हीच गाठ सोडवायला घेतली होती. क्रौंच पक्ष्याच्या वधानंतर वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, हे आपण ऐकत आलो आहोत. अभिनवगुप्त बजावतात: तो शोक मुनींचा स्वतःचा समजू नका. दुःखानं होरपळणारा माणूस काव्य करण्याच्या अवस्थेत नसतोच. त्यांच्या आधीचे मीमांसक भट्टनायक यांचा शब्द उसना घ्यायचा तर, इथे भावनेचं ‘साधारणीकरण’ होतं. ती एकट्याची राहत नाही.

ही सीमारेषा आखीव नाही, हेही सांगायला हवं. रोजनिशीत एखादं वाक्य खोडून दुसरं लिहिताना, नेमका शब्द शोधताना, घाट घडायला लागतो. त्यामुळे कला म्हणजे निवडक माणसांची मिरास, हे मला मान्य नाही. खोडणारा प्रत्येक हात तिच्या वाटेवर असतो. पण तीव्र भावना म्हणजेच कला, हेही मला पटत नाही. केटेचं दुःख १९१४ मध्येच पूर्ण होतं. शिल्प व्हायला १९३२ उजाडलं.

त्या उन्हाळ्यात मूर्ती पेटरच्या तेव्हाच्या, रोगेवेल्डे इथल्या दफनभूमीत बसवल्या गेल्या; व्लाद्स्लोला त्या नंतर आल्या. आईच्या मूर्तीला केटेनं स्वतःचा चेहरा दिला होता. त्या भेटीबद्दल तिनं नंतर रोजनिशीत लिहिलं: मी त्या बाईसमोर उभी राहिले, माझाच चेहरा पाहिला, रडले, आणि तिच्या गालांवरून हात फिरवला.