निकालाच्या सकाळी फोन कुणाच्या हातात?

नमस्कार मंडळी.

ऑगस्ट लागला की ब्रिटनमधल्या काही मराठी घरांत एकदम कुजबुज सुरू होते. ज्या घरात अठरा वर्षांचं पोर आहे, त्या घरांबद्दल बोलतोय मी. ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी. तिचा निकाल ऑगस्टच्या मध्याला, गुरुवारी सकाळी आठला लागतो. स्कॉटलंडमधल्या मुलांचा त्याच्या आधीच, मंगळवारी. आणि ज्यांचं ठरलेलं विद्यापीठ त्या सकाळी हातचं जातं, त्यांच्यासाठी जे दार उघडं असतं त्याला इथं म्हणतात 'क्लिअरिंग'. आज त्याच्याबद्दल बोलायचंय.

आधी एक खुलासा. माझ्या लेकीला क्लिअरिंगमधून जागा मिळाली हे कळल्यावर सांगलीहून आत्याचा फोन आला. "म्हणजे सेलमध्ये मिळाली का रे?" आत्याचा दोष नाही. शब्दच तसा आहे. पण हा क्लिअरन्स सेल नव्हे. बँकेत चेक क्लिअरिंगला जातात ना, त्याच्या जवळचा हा अर्थ. एका बाजूला रिकाम्या जागा, दुसऱ्या बाजूला जागा नसलेली मुलं, आणि दोघांचा हिशोब जुळवायचा.

हा हिशोब मुळात उरतोच का, ते समजलं की बाकीचं सोपं जातं. आपल्याकडे आधी मार्क, मग फॉर्म. मार्कलिस्ट हातात आल्याशिवाय कुठलं कॉलेज दारात उभं करत नाही. इथं सगळं उलटं. परीक्षा मे-जूनमध्ये, आणि अर्ज मात्र आदल्या जानेवारीपर्यंत गेलेला असतो. अर्जात मार्क कुठले लिहायचे? तर शिक्षकांनी वर्तवलेले. 'प्रेडिक्टेड ग्रेड्स.' त्या अंदाजावर विद्यापीठं 'एवढ्या ग्रेड आणल्यास तर जागा तुझी' असा शब्द देतात. थोडक्यात साखरपुडा जानेवारीत आणि पत्रिका ऑगस्टमध्ये! मग कुठं गुण जुळत नाहीत, कुठं मुलीकडच्यांचा विचार बदलतो, आणि ऐन ऑगस्टात हजारो जागा नि हजारो मुलं सुटी पडतात.

हे सगळं ज्या संस्थेमार्फत चालतं ती 'यूकास', चेल्टनहॅम गावातली. अर्जात पाच पर्याय देता येतात. ऑफर आल्या की त्यातला एक पक्का ठेवायचा, त्याला म्हणायचं 'फर्म'. आणि जरा कमी ग्रेडवाला एक हाताशी, तो 'इन्शुरन्स'. फर्मही गेला आणि विमाही बुडाला, की मूल आपोआप क्लिअरिंगमध्ये. यूकासच्या खात्यावर एक क्लिअरिंग नंबर दिसायला लागतो. तसं क्लिअरिंग जुलैच्या सुरुवातीलाच उघडतं आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतं, पण खरी झुंबड निकालाच्या त्या एका सकाळची.

आमच्याकडे ती सकाळ आली 15 ऑगस्ट 2024 ला. हो, नेमका पंधरा ऑगस्ट. मोबाईलवर एकामागून एक झेंडावंदनाचे फोटो येतायत, शाळेतल्या पोरांच्या हातात जिलेबीची पुडी, आणि इकडे आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर लेक. रसायनशास्त्र बी, जीवशास्त्र बी, गणित सी. इथं ए-लेव्हलला बहुतेक मुलं तीनच विषय घेतात, त्यामुळे एक घसरला की झाकायला दुसरा नसतो. फर्मला हव्या होत्या एएबी. इन्शुरन्सला तीन बी. फर्म तर गेलाच, आणि गणितातल्या एका सीनं इन्शुरन्सचंही दार बंद.

मी काय केलं असेल? फाईल काढली. प्लास्टिकची निळी फाईल. त्यात तिची सगळी सर्टिफिकेटं, पोहण्याचं सुद्धा. कारण मला प्रवेश म्हणजे एवढंच ठाऊक. 1993 साली बारावीनंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, अशीच फाईल काखोटीला मारून मला कॉलेजात घेऊन गेले होते. भिंतीवर कट-ऑफची यादी चिकटवलेली, तिच्यापुढे ही गर्दी. खिडकीतल्या क्लार्कशी अण्णा बोलले, आत हेडक्लार्कशी अण्णा बोलले, सरांशीही अण्णाच बोलले. मी मागे उभा. सरांनी विचारलं, "कुठल्या विषयाची आवड आहे?" तेव्हाही उत्तर अण्णांनीच दिलं. त्या दिवशी मी तोंडातून एक शब्द काढला नाही आणि तरी मला प्रवेश मिळाला.

तेव्हा त्या सकाळी मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो, म्हटलं, "दे, मी बोलतो."

पहिल्या विद्यापीठाच्या लाईनीवर पाऊण तास एकच ट्यून. फोन लागला तेव्हा जागा भरलेल्या. दुसरीकडे लवकर लागला. मी म्हणालो, माझ्या मुलीला अमुक ग्रेड मिळाल्यात, तर… पलीकडून अगदी गोड आवाजात, "मुलगी शेजारी आहे का? मला तिच्याशीच बोलावं लागेल." फोन तिच्याकडे दिला. पण गप्प कोण बसणार? तिला विचारलं, हाच कोर्स का? ती अडखळली. मी कागदावर मोठ्या अक्षरांत 'संशोधन' लिहून तिच्यापुढे सरकवला. तिनं तो उलटा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मी हळूच मराठीत प्रॉम्प्ट केलं. पलीकडचा आवाज म्हणाला, "तुझ्या खोलीत कुणी आहे का?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसलो.

मंडळी, हे त्यांचं खडूसपण नाही. अर्जदार अठरा वर्षांचा, अर्ज त्याचा, माहिती त्याची. कायद्यानं त्याच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्या कुणाला काही सांगू शकत नाहीत. यूकासच्या अर्जात 'नॉमिनेटेड अॅक्सेस' म्हणून एका माणसाचं नाव देता येतं, तेवढ्यापुरतं यूकास त्या माणसाशी बोलेल. नाव जरूर घाला, मूल आजारीबिजारी पडलं तर उपयोगी पडतं. पण विद्यापीठाला ऐकायचं असतं ते मुलालाच. कोर्स बदलून येतोय, तर त्याला तो खरंच हवाय की बाप ढकलतोय, हे त्यांना त्या पाच मिनिटांत जोखायचं असतं.

आणि एक गोष्ट पोरांना कुणी सांगत नाही. त्या सकाळी गरजू फक्त तुम्हीच नसता. इंग्लंडमध्ये 2015 पासून विद्यापीठांनी किती मुलं घ्यायची यावरची मर्यादा उठली. इथल्या मुलाची फी 2025-26 ला 9,535 पौंड. एक खुर्ची रिकामी राहिली तर तेवढे पैसे, तेही तीन वर्षं, गेले. म्हणून चांगली नावाजलेली विद्यापीठंही क्लिअरिंगमध्ये उतरतात. ऑक्सफर्ड नाही उतरत, वैद्यकीयच्या जागा तर जवळजवळ दिसतच नाहीत. पण बाकी यादी बघाल तर चकित व्हाल. तेव्हा भीक मागायच्या सुरात फोन करायचं कारण नाही.

जिन्यात बसून मला अर्धवट ऐकू येत होतं. तिसरा फोन. आता तिचा आवाज बदललेला. बायोमेडिकलऐवजी बायोकेमिस्ट्री चालेल का असं त्यांनी विचारलं, तर ही उलट विचारतेय: पहिल्या वर्षाला गणित किती आहे? क्लिअरिंगवाल्यांना हॉस्टेलची हमी आहे का? मधलं एक वर्ष नोकरीला जाता येईल का? मला यातला एकही प्रश्न सुचला नसता. मी तर विचारलं असतं, "साहेब, काही होईल का?"

तोंडी ऑफर मिळाली. इथं बरीच मुलं फसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. तोंडी ऑफर एकापेक्षा जास्त विद्यापीठांकडून घेता येतात, त्याला ना नाही. पण यूकासच्या खात्यात 'अॅड क्लिअरिंग चॉइस' या जागी एका वेळी एकच नाव भरता येतं, आणि तिथं नाव भरलं म्हणजे होकार दिला असंच धरतात. आमच्या वर्षी ते बटण दुपारी एकला उघडलं. विद्यापीठानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. लेकीनं तीन तास कोर्सची पानं वाचली, एका मैत्रिणीशी बोलली, आणि मग बटण दाबलं. मला विचारलंही नाही. सांगितलं मात्र लगेच.

पण क्लिअरिंगचे फोन लावण्याआधी एक करायचं असतं. खात्यावर काहीच न दिसता नुसतं ताटकळत ठेवलं असेल, तर फर्मवाल्या विद्यापीठालाच पहिला फोन लावायचा. एखाद्या ग्रेडनं हुकलेल्याला ते पुष्कळदा घेतात, फक्त निर्णय व्हायचा असतो. पेपर पुन्हा तपासायला द्यायचा असेल तर तेही त्यांना त्याच दिवशी सांगून ठेवायचं. 2020 चा ऑगस्ट आठवतो का? कोविडमुळे परीक्षा झाल्या नाहीत आणि ग्रेड एका अल्गोरिदमनं ठरवल्या. शिक्षकांनी दिलेल्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्के ग्रेड खाली आल्या. 13 तारखेला निकाल, 17 तारखेला सरकारची माघार: शिक्षकांच्याच ग्रेड धरायच्या. मधल्या चार दिवसांत ज्यांनी दुसरीकडे जागा घेतली, त्यांची जी त्रेधा उडाली ती विचारू नका.

आणखी एक, फक्त आपल्यासारख्यांसाठी. ऑगस्टात गावी जायचा मोह होतो. तिकिटं आधीच काढलेली असतात. पण तिकडे निकाल साडेबाराला लागणार, जेवणाच्या पानावर, शेजारी चार काका, आणि तिथून ब्रिटनच्या लाईनीवर पाऊण तास ट्यून ऐकायची. नका जाऊ. शनिवारचं विमान घ्या.

फीचा घोळही फोनवरच विचारून घ्या. मूल इथं शाळेत शिकलं म्हणजे फी इथल्या मुलाचीच लागेल असं नसतं. ढोबळमानानं, कोर्स सुरू होण्याआधी तीन वर्षांचं वास्तव्य आणि कायमचा निवास, दोन्ही लागतं. वर्क व्हिसावरच्या घरांना हे बरेचदा ऑगस्टात कळतं, आणि तेव्हा आकडा दुप्पट-तिप्पट झालेला असतो. आमच्या ओळखीतल्या एका घरात त्यापायी जागा मिळूनही मूल वर्षभर थांबलं. फीचं सरकारी कर्ज देणाऱ्या स्टुडंट फायनान्सला कोर्स बदलल्याचं कळवायचं, नाहीतर कर्ज जुन्या पत्त्यावर अडकतं.

पुण्या-नाशिकहून कुणी ऐकत असेल तर: तुमचा बारावीचा निकाल मेमध्येच लागतो, तुम्हाला ऑगस्टपर्यंत थांबायचं कारण नाही. क्लिअरिंग तुम्हालाही खुलं आहे, पण व्हिसासाठी पैसे सलग 28 दिवस खात्यात दाखवावे लागतात, क्षयाची तपासणी असते, विद्यापीठाचं पत्र यायचं असतं. सप्टेंबरच्या वर्गात पोचायला दिवस मोजून उरतात.

त्या पंधरा ऑगस्टला संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "झालं का काम? कुणाशी बोललास? मोठे साहेब होते का?"

म्हटलं, "अण्णा, मी नाही बोललो. तीच बोलली."

"मग तू काय करत होतास?"

"जिन्यात बसलो होतो."

बराच वेळ पलीकडून काही नाही. मग म्हणाले, "तिला दे फोन."

लेक आता बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला गेली, आणि गेल्या ऑगस्टात तिच्याच विद्यापीठानं तिला क्लिअरिंगच्या फोनवर बसवलं. विद्यार्थ्यांनाच रोजावर घेतात तिथं. हेडफोन लावून सकाळी आठपासून. पुढ्यात क्लिअरिंग नंबर भरायची जागा, ए-लेव्हलच्या ग्रेड, जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीचं, गणित आणि इंग्रजी, हे पटापट विचारायचं. म्हणाली, "बाबा, निम्म्या मुलांना स्वतःचे जीसीएसई आठवत नाहीत, लिहून ठेवत नाहीत. आणि मागून कुणी हळू आवाजात शिकवत असेल ना, तर स्पष्ट ऐकू येतं. गुजराती, पंजाबी, पोलिश, सगळं." मराठी? मी विचारलं. "दोनदा," म्हणाली. एकदा तिनं न राहवून मराठीतच सांगितलं, "काका, जरा बाहेर बसता का?"

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिचा घसा पार बसला होता. यंदाही बसणार आहे म्हणून खडीसाखरेची पुडी पाठवलीय. विद्यापीठ कुठलं ते मात्र मी सांगणार नाही. तिनं बजावलंय.

नमस्कार.