घाण्यामागे पळीभर तेल

(दृश्य : पाटणादेवीचा परिसर, सकाळ)

चाळीसगावहून पाटणादेवीला येणारे लोक दर्शन घेतात, डोंगर पाहतात आणि परततात. पाटणच्या शिलालेखाविषयी विचारणारा क्वचितच भेटतो. आम्ही त्याच्यासाठीच आलोय.

लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. त्याच्या मठात आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ हा गणित-खगोलाचा ग्रंथ शिकवायचा होता. भास्कराचार्यांनी तो इसवी सन ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. लेखात राजे येतात, घराण्याची थोरवी येते. मग संस्कृत संपतं, मराठी सुरू होते आणि मठाचा खर्च कसा भागायचा ते कळतं. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं थोडं उत्पन्न. आणि प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळी तेल.

घाण्याभोवती बैल फिरवणाऱ्या त्या माणसाने ग्रंथातला एकही श्लोक वाचला नसेल. तरी कोणाचं तरी पोरगं रात्री आकाशाचं गणित शिकत होतं, त्यात त्याच्या पळीचा वाटा होता. खानदेशाच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

आणि दानाची वेळ? श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. राहूची गोष्ट ऐकत वाढलेली मुलं मठात शिकणार होती, की चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो. तो कधी शिरेल, किती झाकला जाईल, हे आधीच मांडून काढता येतं.

(दृश्य : माळरान, काळ्या दगडाची लांब भिंत)

धुळे-नंदुरबारकडे अशा सरळ भिंती माळावर दूरवर धावतात. जमिनीच्या भेगांत शिलारस थिजला, भोवतीचा खडक झिजून गेला, भिंत तेवढी उरली. या घडामोडी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या.

(दृश्य : रात्रीचं आकाश)

२९ जून १८४३. खानदेशातल्या मानेगावात आकाशातून दगड पडला. तो डायोजेनाइट या अशनींच्या एका जातीचा निघाला. असे दगड मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या वेस्टा या लघुग्रहावरून आले असावेत, असं शास्त्रज्ञ मानतात, कारण वेस्टावरून परतणारा प्रकाश आणि या दगडांवरून परतणारा प्रकाश जुळतो. २०११ मध्ये ‘डॉन’ यान वेस्टापाशी पोचलं आणि या तर्काला बळ मिळालं. वेस्टाचा तुकडा आपल्या मातीत येऊन पडला, आणि शाळेत आम्हाला हे कोणी सांगितलं नाही!

(दृश्य : चोपडा तालुका, उनपदेव, गरम पाण्याचा झरा)

“आजी, पाणी गरम काबर येतं?”

रामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारला, ही आजीची गोष्ट. तीही ऐकावी. भूगर्भशास्त्र सांगतं, पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. इथे ज्वालामुखी लागत नाही.

नातवाचा पुढचा प्रश्न तयारच असतो. “मग वर येईपर्यंत थंड काबर होत नाही?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. हळूहळू झिरपत आलं असतं तर थंडच झालं असतं. ते मोठ्या भेगेतून झपाट्याने वर चढतं, म्हणून.