भांडखोर पूर्वज असावा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या कागदांतून पणजोबांचा शोध’. तो मी सांगणार आहे. पण त्याआधी माझं एक मत ऐका. घरी ते कुणी ऐकून घेत नाही, आणि तुम्ही तर आता खुर्च्यांवर बसलाच आहात. मत असं, की पूर्वज सापडायचा असेल तर तो भांडखोर असावा लागतो. निदान कर्जबाजारी तरी. ज्यानं भावाचा बांध रेटला नाही, सावकाराकडे अंगठा उठवला नाही, कोर्टाची पायरी चढला नाही, अशा भल्या माणसाला सरकारी कागद ओळखतच नाही. जन्मला, सारा भरला, मेला. दोन ओळी.

हे मी तलाठी म्हणून सांगतोय. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी नवी, दप्तर तेच.

समोर कोण कोण बसलंय याचा मला अंदाज आहे. काहीजण वाडवडिलांच्या प्रेमानं आलेत. बरेचजण १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीच्या कागदासाठी आलेत. लाजू नका, ओबीसीच्या पडताळणीला ती तारीख कायद्यानंच लागते. २०२३ ला कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्याआधी मला मोडी वाचता येते हे माझ्या जावयालाही सांगावं लागायचं. नंतर लोक शेंगाचटणी घेऊन दारात यायला लागले. तिसरा गट, ज्यांना घराण्यात एखादा सरदार हवाय. त्यांनी मागच्या दारानं गेलं तरी चालेल.

आता आमच्या घरची गोष्ट. खापरपणजोबा म्हणजे आमच्यात देवमाणूस. वारी चुकवली नाही, मुंगीला पाय लावला नाही, वगैरे. गाव सांगोल्याकडचं. तिकडे सुगी झाली की हेळवी येतो. शहरातल्या मुलांसाठी सांगतो, हेळवी बैल घेऊन येतो, दारात उभा राहून घराण्याची नावं पिढीमागून पिढी म्हणतो, नवी जन्मलेली पोरं वहीत चढवतो आणि धान्य, कापड घेऊन पुढच्या गावाला जातो. त्याच्या वहीत खापरपणजोबा आणि त्यांचे दोन भाऊ आहेत. मधल्या भावापुढे एवढंच, निपुत्रिक. हेळवी तिथं दमही घेत नाही.

पुढे चुलत्यांच्या पेटीत एक रुमाल निघाला. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेलं दप्तर, नाकाला लावायचा नव्हे. आत दाव्याच्या नकला. १८९६ च्या दुष्काळाच्या आगेमागे मधल्या भावाच्या विधवेनं दोन्ही दिरांवर दावा लावला होता. मागणी, जमिनीतला नवऱ्याचा हिस्सा आणि विहिरीतले चार आणे, म्हणजे मोटेची पाळी.

इथं थोडा कायदा सांगावा लागेल. त्या काळी भाऊ एकत्र असताना एक वारला, तर त्याच्या विधवेला फक्त अन्नवस्त्र. हिस्सा राहिलेल्या भावांचा. पण नवरा आधीच विभक्त झाला असेल आणि मूलबाळ नसेल, तर जमीन तिच्याकडे, तीही तिच्या हयातीपुरती. म्हणजे सगळा दावा एकाच प्रश्नावर लटकलेला. भाऊ वेगळे झाले होते की नव्हते? वाटणीपत्र तर झालेलं नाही. मग साक्षीदार आले. चूल कधी वेगळी झाली? मीठ कोण आणायचं? थोरलीच्या लग्नाचा खर्च कुणी केला? बैलाची जोडी कुणाच्या गोठ्यात बांधायची? प्रत्येक साक्षीदाराचं वय, धंदा, राहणार कुठला, पक्षकारांशी नातं काय, सगळं लिहिलेलं. मला आमच्या घराचा आतला नकाशा त्या जबान्यांतून कळला. माजघरात दोन चुली, मध्ये कुडाची भिंत. तीन आत्या कुठल्या गावांना दिल्या तेही कळलं. त्या हेळव्याच्या वहीत नाहीतच. तो लेकींना मोजत नाही.

आणि देवमाणूस? त्यांनी शपथेवर सांगितलं, भाऊ मरेपर्यंत एकत्र होता, एका ताटात जेवत होता. शेजाऱ्यानं उलट जबानी दिली, की भिंत घालायला माती मीच वाहिली. कोर्टानं शेजाऱ्याचं मानलं. बाई जिंकली.

ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा थोरल्या काकूंनी मला जेवायला वाढेपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, “मेलेल्यांची उणीदुणी काढायला पेन्शन मिळती व्हय तुला?” त्या अजून माझ्याशी तुटक बोलतात. खापरपणजोबांची तसबीर मात्र मी काढू दिली नाही. वारीही खरी असेल आणि खोटी शपथही. चार आण्याची विहीर होती हो, दुष्काळ होता.

यातल्या एका जबानीची पक्की नक्कल हवी म्हणून एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, “ज्यांची जबानी आहे त्यांचं संमतीपत्र जोडलंय का?” मी म्हटलं, ते वारले. म्हणाले, “मग मृत्यूचा दाखला.” त्याच शोधात तर निघालो होतो, पण… अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पत्रिकेवरचा विषय घेतो. भराभरा लिहून घ्या.

आजच्या सातबाऱ्यापासून मागं चला. त्यावर गट नंबर असतो. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर जुने सर्व्हे नंबर बदलले, म्हणून आधी गटाचा जुना सर्व्हे नंबर काढा, नाहीतर दुसऱ्याचाच आजोबा गळ्यात पडेल. मग फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद. १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर गावोगाव ती वही सुरू झाली. ‘मयत, वारस’ एवढे दोन शब्द दिसले की थांबायचं. आमची ती बाई तिथं परत भेटली. ती वारल्यावर जमीन आमच्याकडे आल्याचा फेरफार. जुन्या कागदात आडनाव नसतं, अमुक बिन तमुक असतं, म्हणजे तमुकचा मुलगा. बाईचं असेल तर अमुक कोम तमुक, म्हणजे तमुकची बायको.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक. पटकी, देवी, प्लेग, काय लागून गेला तेही कळतं. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या नामावळी, आडनाव आणि मूळ गाव सांगा. कर्जासाठी १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट रिलीफ ॲक्ट. तो आधी पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर, या चारच जिल्ह्यांना लागला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारपुढे व्हायचा, त्यामुळे आपल्याकडचा कर्जबाजारी माणूस जास्त सापडतो. मला याचा अभिमान आहे.

जिल्ह्याच्या हद्दी बघा. सांगोला, पंढरपूर एकोणिसाव्या शतकात बराच काळ साताऱ्यात. मंगळवेढा सांगली संस्थानात, अक्कलकोट स्वतःच संस्थान, तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाकडे, म्हणजे बरेच कागद उर्दूत. सनाची गंमत, शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, मोडी कागदात सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००.

सोलापूरच्या पूर्वभागातल्या मंडळींनी तेलंगणातलं मूळ गाव आणि घराचं तेलुगू नाव घरातल्या म्हाताऱ्यांकडून आजच लिहून घ्यावं. तिकडे १९५४-५५ ची खासरा पहाणी, म्हणजे जमीन कुणाची, कसतंय कोण याची नोंदवही, मागायची. मिलमध्ये आलेल्यांचं नाव इथल्या सातबाऱ्यावर नसणार. त्यांच्यासाठी नगरपालिकेची जन्ममृत्यू नोंद, शाळा आणि कोर्ट. कोर्टाचं मी मघाशी सांगितलंच.

मोडी कागद कुणी आणले असतील तर खाली पायरीपाशी थांबा, वाचून देतो. झेरॉक्स पुसट नको, आणि सख्ख्या भावाला बरोबर आणलं असेल तर एकेकट्यानं या.