डोंबिवली ते दादर, पटाशिवाय डाव

नमस्कार मंडळी! आज टेबलावर बुद्धिबळाचा पट नाही. मुद्दामच मांडला नाही.

काही वर्षं मी रोज डोंबिवलीहून दादरला लोकलनं जायचो. दारापाशी हात वर करून उभं राहायचं, मोबाइल काढायची सोय नाही. शेजारी मित्र. तो म्हणायचा "ई ४", मी म्हणायचो "ई ५". म्हणजे घराचं नाव: उभ्या रांगेचं अक्षर, आडव्या ओळीचा आकडा; सोंगटीचं नाव घेतलं नाही तर चाल प्याद्याची. दिवा स्टेशन येईस्तोवर माझ्या डोक्यातला पट पुसला जायचा. स्पर्धांमध्ये मी प्रत्येक चाल लिहीत होतो, तरीही! कारण लिहिताना मी आधी सोंगटी हलवायचो, मग पटाच्या कडेला छापलेलं अक्षर बघून कागदावर उतरवायचो. घरं मला नावानं माहीतच नव्हती.

मग सवय बदलली. चाल खेळण्याआधी ती मनात म्हणायची: "घोडा एफ ३". नियमाप्रमाणे चाल आधी लिहून ठेवता येत नाही, पण मनात म्हणता येते. हात नंतर हलतो, घर आधी दिसतं.

नावासोबत रंगही हवा. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं एचपर्यंत ८. अक्षराचा आकडा आणि ओळीचा आकडा मिळवा. बेरीज सम आली तर घर काळं, विषम आली तर पांढरं. जी ५? सात नि पाच बारा. काळं.

आता डोळे मिटा. मी सावकाश सांगतो.

ई ४, ई ५. घोडा एफ ३, प्यादं डी ६. उंट सी ४, काळ्याचा उंट जी ४. इथे थांबा. जी ४, एफ ३, ई २, डी १ ही तिरकी रेघ दिसतेय? तिच्या टोकाला पांढऱ्याचा वजीर आहे आणि मध्ये एफ ३ चा घोडा उभा आहे. सगळी पांढरी घरं. आता दुसरा घोडा सी ३, काळ्याचं प्यादं जी ६. आणि एफ ३ चा घोडा ई ५ चं प्यादं मारतो! रेघ मोकळी झाली. काळा उंट डी १ वर वजीर मारतो. पांढरा उंट एफ ७, प्यादं मारून शह. राजाला ई ७ हे एकच घर उरतं. घोडा सी ३ वरून डी ५. मात.

वजीर गेला तेव्हा पट विस्कटला असेल, तर पुन्हा जी ४ च्या रेघेपासून सुरू करा. पहिल्यापासून नको.

गर्दीत एक अडचण यायची. बी, सी, डी, ई, जी, सगळं सारखंच ऐकू येतं. अंध खेळाडूंच्या बुद्धिबळात चाली मोठ्यानं सांगाव्या लागतात, म्हणून तिथे अक्षरांऐवजी नावं घेतात: आना, बेला, सीझर, डाव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. मला ही पद्धत इतकी आवडली की आम्हीही "एव्हा ४" म्हणायला लागलो. हळूहळू ठाणं, मग घाटकोपर, आणि एकदा दादरला उतरलो तेव्हा एकोणिसावी चाल चालू होती. जिन्यावरही पट जागच्या जागी होता.

आता पट न मांडता सांगा: मघाच्या डावात मात झाल्यावर काळ्या राजाला डी ७ आणि एफ ६ ही घरं कोणी अडवली आहेत? उत्तर कमेंटमध्ये लिहा, सोंगटी आणि घर दोन्ही.