खंडेनवमी आणि स्विमिंग पूलचं शेड

(बेळगावातल्या एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, किरकोळ संपादनासह)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'घरगुती स्विमिंग पूलच्या शेडची देखभाल आणि तपासणी'. काही वर्षांपूर्वी आपल्या गावात असा विषय कुणी ठेवलाच नसता. आज जांबोटी रस्त्याला जा, खानापूरकडं जा, शेतात घर बांधलं की मागच्या अंगाला पूल येतो. आपल्याकडचा पाऊस ठाऊक असल्यामुळं त्यावर ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकच्या, शीट घालून शेडही उभं राहतं. ज्यांच्याकडं पूल नाही त्यांच्या गच्चीवर तेच शेड आहे. म्हणजे हॉलमधला कुणीच सुटत नाही, आरामात बसा.

माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकतो. हे शेड वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याच्या आणि खंडेनवमीच्या सुमाराला, शिडी लावून, हात लावून तपासायचं. खाली उभं राहून वर बघणं म्हणजे तपासणी नव्हे. पाडव्यानंतर वळवाचे दिवस येतात आणि वळीव येतो तो वारं घेऊन, कधी गारा घेऊन. संथ पावसात टिकलेलं शेड वळवाच्या एका झोताला उचकटतं, कारण वारा शीटच्या खालून शिरतो. खंडेनवमीला पावसाचा जोर ओसरलेला असतो, चार महिन्यांच्या ओलीनं काय खाल्लंय ते उघडं पडतं, आणि घरातली अवजारं तशीही बाहेर निघालेली असतात. माझी सगळी नोकरी उद्यमबागेतल्या कारखान्यांत गेली. तिथं खंडेनवमीला यंत्रं नुसती हळद-कुंकू लावून पुजत नाहीत. आदल्या दिवशी ती पुसतात, ग्रीस भरतात, ढिले बोल्ट आवळतात, मग हार घालतात. ही पद्धत कारखान्याच्या फाटकाबाहेर का आली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता एक प्रकार सविस्तर सांगतो, त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

माझ्या मावसभावाचं शेतघर आहे. नातवंडांसाठी त्यानं पूल बांधला आणि बाहेरच्या एका मोठ्या शहरातल्या कंत्राटदाराकडून शेड करून घेतलं. काम देखणं झालं. फोटो काढले, पेढे वाटले, पूर्ण पैसे दिले. तिसऱ्या उन्हाळ्यात मला फोन, "अण्णा, वारं सुटलं की वर काहीतरी खडखडतंय, जरा येऊन बघतोस?" आमच्या ओळखीचा एक वेल्डर घेऊन गेलो. पोरगा शिडीवर चढला, एका स्क्रूला बोट लावलं आणि तो स्क्रू मला वरूनच दाखवला. "सर, हा हातानंच आला की हो!" मग मी चढलो. स्क्रूच्या डोक्याभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी साचलेली, स्क्रू गंजून मधोमध काडीएवढा राहिलेला. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात साधे लोखंडी स्क्रू मारले होते. दोन वेगळे धातू, मध्ये क्लोरीनची ओल, म्हणजे आयती बॅटरी तयार. जस्ताचा पातळ मुलामा आधी जातो, मग लोखंड गंजतं, आणि शेजारचं ॲल्युमिनियमही खाल्लं जातं. मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर असता तर हे पुष्कळसं टळलं असतं. काही रुपयांचा वॉशर!

शीटची कथा वेगळीच. बऱ्याच स्क्रूंभोवती चांदणीसारखे तडे गेले होते. पॉलिकार्बोनेट तापलं की चांगलंच वाढतं. मीटरभर शीट एका अंशाला साधारण ०.०६५ मिलिमीटर. हिवाळ्यातल्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत शीटच्या अंगात ४० अंशांचा फरक पडला, तर ३ मीटरची शीट जवळजवळ ८ मिलिमीटर लांब होते. तिला सरकायला जागा लागते, म्हणून भोक स्क्रूपेक्षा काही मिलिमीटर मोठं पाडायचं असतं. इथं स्क्रू मापाच्या भोकात ठासून आवळलेले. शीट जाणार कुठं? फुटली. शिवाय दोन शीट उलट्या बसवल्या होत्या. ऊन सोसणारा थर सहसा एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू कुठली ते वरच्या प्लास्टिकच्या कागदावर छापलेलं असतं. त्या दोन शीट हळदीसारख्या पिवळ्या पडल्या होत्या, बाकीच्या स्वच्छ.

आम्ही कंत्राटदाराला फोन लावला. उत्तर आलं, "वॉरंटी शीटची आहे सर, स्क्रूची नाही." बरं, मग शीट फुटल्यात त्यांचं काय? "त्या स्क्रूमुळं फुटल्या." मंडळी, हे बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पण माझा खरा राग वॉरंटीवर नाही. एवढं लाखांचं काम हातात देताना त्या माणसानं अर्ध्या पानाचा कागद दिला नाही. कुठल्या धातूचे स्क्रू आहेत, छपराच्या कडेचं गटार कधी साफ करायचं, फटी बुजवणारं सीलंट कधी बदलायचं, काही नाही. मिक्सर घेतला तरी पुस्तिका मिळते. नातवंडांच्या डोक्यावर छप्पर घालताना मिळत नाही. तेव्हा शेवटचा हप्ता देण्याआधी हा कागद मागा. नसेल तर लिहून घ्या. तो मिळेपर्यंत पैसे सोडू नका.

इथं कुणी म्हणेल, मग स्टेनलेसचे स्क्रू घालू, विषय संपला. साध्या लोखंडापेक्षा उत्तम, आणि शेड चारी बाजूंनी मोकळं असेल तर मीही तेच सांगेन. पण बंद शेडमध्ये सावध राहा. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावात ९ मे १९८५ रोजी एका बंदिस्त जलतरण तलावाचं काँक्रीटचं आतलं छत खाली आलं आणि १२ माणसं गेली. तलाव १९७२ साली सुरू झाला होता. छत स्टेनलेसच्या सळ्यांना टांगलेलं होतं. क्लोरीनच्या पाण्यावरची वाफ वर जाते, थंड धातूवर बसते, सुकते, पुन्हा बसते. जिथं पावसाचं किंवा नळाचं पाणी कधी लागत नाही तिथं क्लोराइड साठत जातं आणि ताणाखाली असलेल्या सळीला आतून बारीक भेगा पडतात. लोखंड निदान तांबूस होऊन ओरडतं तरी. स्टेनलेस बाहेरून चकचकीत राहूनही तुटू शकतं. म्हणून आत उग्र वास येत असेल तर वारा खेळता ठेवा. वरचे सांधे आणि टांगलेल्या सळ्या साध्या पाण्यानं पुसून घ्या, आणि त्या शेडचं वजन पेलत असतील तर जाणकाराला दाखवा.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं उरलीत म्हणे. पत्रिकेतला मूळ भाग अजून सांगायचाच आहे, तेव्हा भरभर घेतो. लिहून घ्या.

गटार आधी. आपली तांबडी माती आणि झाडांचा पाला मिळून पन्हळीत चिखल होतो, पाणी तुंबतं आणि त्याचं वजन सांगाड्यावर येतं. पाडव्याला ती हातानं उपसा आणि बादलीभर पाणी ओतून उतार बघा. मग खांबांचे पाय. खांब जिथं फरशीला टेकतो तिथला रंग फुगलाय का, तळपट्टीचे बोल्ट हलतात का, हे टॉर्च लावून बघा, सगळं तिथंच सडतं. पोकळ थरांच्या शीटमध्ये हिरवं शेवाळ दिसलं तर टोकांची टेप गेलीये असं समजा. शीट धुताना मऊ फडकं आणि साबणाचं पाणी, थिनर अजिबात नाही, त्यानं शीटला तडे जातात. बाजूची जाळी बोटानं दाबून बघा, उन्हानं कुजलेली जाळी दिसायला शाबूत असते. विजेचे दिवे असतील तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना, ते बघा आणि तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. दाबून वीज गेली नाही तर त्या दिवसापासून पूल बंद.

आणि कुंपण. ज्यासाठी मी आज इथं उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली जवळजवळ पाव मुलं पाच वर्षांच्या आतली. फ्रान्सनं २००३ साली कायदाच केला की खासगी पूलला कुंपण, गजर, आच्छादन किंवा बंदिस्त शेड, यांपैकी एक हवंच. आपल्याकडं २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं उघड्या बोअरवेलबद्दल निर्देश दिले, तरी एप्रिल २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडला, सहा वर्षांची पोर बोअरवेलमध्ये पडून गेली. घरच्या पूलचं कुंपण तपासायला तर कुणी येतच नाही. ते आपणच बघायचं. उंची निदान १.२ मीटर, गजांमधली फट १०० मिलिमीटरच्या आत, आणि कुंपणाला टेकून खुर्ची, कुंडी, पंपाची पेटी काही नको. पोरं त्यावर चढतात.

फाटकाची परीक्षा सोपी आहे. ते पूलच्या बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. एकदा पूर्ण उघडून सोडा, एकदा वीतभर उघडून सोडा. दोन्ही वेळा हात न लावता मिटून लॅच लागलं पाहिजे. वीतभर उघडल्यावर बहुतेक फाटकं नापास होतात, कारण स्प्रिंग थकलेली असते किंवा खांब कललेला असतो. नापास झालं तर नवी स्प्रिंग बसेपर्यंत साखळी घालून कुलूप लावा. आणि ही परीक्षा खंडेनवमीपर्यंत थांबवू नका, आज घरी गेल्यावर टॉर्च घेऊन करा.