उबवणारे आणि पुरून जाणारे

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर टिटवी घरटं विणत नाही. मुरमात उथळ खळगा करते, कडेने खडे मांडते आणि बहुधा चार अंडी घालते. निमुळती टोकं आत, रंग मातकट, वर काळे डाग. शेळ्यांमागे चालणाऱ्या माणसाला दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत.

उबवणं म्हणजे ऊब देणं, असं आपण धरून चालतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात टिटवीचं काम नेमकं उलटं. पारा बेचाळिसावर गेला की उघड्या अंड्यातला जीव भाजून निघेल. म्हणून नर-मादी पाळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात. पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतात आणि परत येऊन अंडी गार करतात. महिनाभर हेच चालतं. एवढ्याशा पाखराची ही चिकाटी पाहून थक्क व्हायला होतं.

घोरपडीची रीत वेगळी. वारूळ किंवा जमीन उकरायची, वीस-पंचवीस अंडी आत ठेवायची, माती ओढायची आणि निघून जायचं. पुढचे सहा ते आठ महिने राखण मातीची. बाहेर ऊन असो की थंडी, वारुळाच्या पोटात ऊब आणि ओल फारशी बदलत नाही. अंड्याचं कवचही त्याला साजेसं असतं, चिवट, चामड्यासारखं, मातीतली ओल आत घेणारं. पक्ष्याचं अंडं चुन्याच्या कडक कवचाचं; पिल्लाला लागणारं पाणी आईने आधीच आत भरलेलं असतं.

आणखी एक फरक शेतकऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावा. पक्षी अंडी अधूनमधून फिरवतात; नाही फिरवली तर गर्भ नीट वाढत नाही. सरड्या-कासवांचा गर्भ मात्र सुरुवातीलाच कवचाच्या आतल्या पापुद्र्याला धरून बसतो. अंडं उलटलं तर तो मरू शकतो. नांगरताना अशी अंडी उघडी पडली तर वरची बाजू वरच ठेवून मातीने झाकून द्या.

सगळेच सरपटणारे अंडी टाकून जातात असं नाही. नागीण उंदराच्या बिळात अंडी घालते आणि सुमारे दोन महिने जवळपास राहून राखते. घोणस आणि आपल्याकडचं फुरसं तर थेट पिल्लंच देतात. अंडी पोटातच वाढतात, आई उन्हात किंवा सावलीत सरकून त्यांना हवी तेवढी ऊब देते. पक्ष्यांच्या दहा हजारांवर जातींत मात्र पिल्लं देणारी एकही नाही.

आणि माळढोक. त्याच्यासाठी इथे 1979 साली अभयारण्य झालं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि सुमारे 27 दिवस एकटीच उबवते. घोरपडीची दहा अंडी गेली तरी दहा उरतात. माळढोकचं एक गेलं की त्या विणीचं सगळंच गेलं. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले असावेत.

जैसलमेरजवळ 2019 पासून माळावरची अंडी उचलून यंत्रात उबवली जातात. 2024 मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. नान्नजच्या गवतातही पुन्हा ते अंडं दिसावं, असं आम्हांला मनापासून वाटतं. म्हणून एवढीच विनंती: विणीच्या दिवसांत माळावर गाड्या घालू नका, कुत्री मोकळी सोडू नका, आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की तिथून मागे फिरा.