बोलिंग अवघड की गोल्फ? आधी लेनवरचं तेल समजून घ्या

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये महिनाभर एकच प्रश्न येतोय, ताई, बोलिंग अवघड की गोल्फ? क्रिकेटची नाही हां, दहा पिनांची बोलिंग. नियम माहितीच आहेत, दहा फ्रेम म्हणजे दहा पाळ्या, जास्तीत जास्त 300 गुण. गोल्फला 18 होल, फटके जितके कमी तितकं चांगलं. झालं, पुढे.

एकाने लिहिलंय, "पहिल्याच दिवशी स्ट्राइक मारला, सोपंय की!" अरे दादा, स्ट्राइक म्हणजे एकाच बॉलमध्ये दहाही पिना आडव्या, 300 ला असे सलग 12 लागतात! आणि तू लेनवरचं, म्हणजे बॉल ज्या पट्टीवरून जातो तिच्यावरचं, तेल बघितलंस का? नाहीच दिसणार, तीच तर गोम आहे. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना जी रेघ ओलांडायची नाही तिथून, पहिली पिन 60 फुटांवर, त्यातल्या साधारण 40 फुटांवर तेल. तेलावर बॉल घसरतो, पुढे कोरडं लागलं की पकड घेतो आणि वळतो.

मॉलमधला प्लास्टिकचा बॉल फारसा वळतच नाही, म्हणून तेल जाणवत नाही. त्यात तिथे तेल मधे जास्त आणि कडेला कमी, म्हणजे वळणारा बॉल जरा बाहेर गेला तरी परत आत येतो, चूक झाकली जाते. स्पर्धेत तेल कडेपर्यंत बरंचसं सारखं, तिथे चूक ती चूकच.

बरं, ते तेल जागेवर राहतही नाही, प्रत्येक बॉल थोडं उचलून नेतो. मी लीग खेळायचे तेव्हा पहिला गेम मस्त झाला, तिसऱ्यात त्याच जागेवरून टाकलेला बॉल पहिल्या पिनच्या डावीकडे जायला लागला, मी आपली मनगट बदलतेय, शेवटी एक काका म्हणाले, "हात नको बदलूस, पाय डावीकडे सरकव." तेल संपलं होतं, हात बरोबर होता!

तरी माझ्या मते जास्त अवघड गोल्फच. पिना रोज त्याच जागी असतात हो, गोल्फचा बॉल कधी वाळूत, कधी उतारावर, वारा वेगळाच, हातात जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे मारायच्या काठ्या, आणि होल फक्त 108 मिलिमीटरचं. गोल्फच्या सरावाच्या मैदानावर पहिल्या दिवशी माझे निम्मे फटके जमिनीवरून उठलेच नाहीत. बोलिंगमध्ये 300 कितीतरी जणांनी केलेत. गोल्फमध्ये जिम फ्युरिक या अमेरिकन खेळाडूने 2016 मध्ये 18 होल 58 फटक्यांत संपवले, पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये, तोपर्यंत एवढे कमी कुणीच मारले नव्हते, तरी त्याला परफेक्ट नाही म्हणता येत.

पण बोलिंगला सोपं म्हणू नका. पुढच्या वेळी शेजारच्या लेनवर स्वतःचा बॉल घेऊन आलेलं कुणी दिसलं ना, तर पिना सोडा, त्यांचे पाय बघा, पहिल्या गेमला कुठे होते आणि तिसऱ्याला कुठे आहेत.